केमोचे २१ दिवस

पहिल्या केमोला येणारं माणूस बहुतेक वेळा रात्रभर झोपलेलं नसतं. सकाळी साडेआठला डे-केअरच्या दारात फाईल छातीशी धरून उभं असतं. मागे दोन-तीन नातेवाईक, एकाच्या हातात डबा, एकाच्या खांद्यावर चादर. "सिस्टर, किती वेळ चालेल? संध्याकाळी घरी सोडतील ना?" हा पहिला प्रश्न. दुसरा जरा बाजूला घेऊन, पेशंटला ऐकू जाणार नाही अशा आवाजात: "फार त्रास होतो का हो?"

मी नाशिकमध्ये कॅन्सरच्या केमोथेरपीच्या, म्हणजे केमोच्या, डे-केअर वॉर्डात नर्स आहे. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदाराचं. हे प्रश्न रोज ऐकते आणि उभ्या उभ्या जमेल तेवढं सांगते. पण खुर्च्या भरलेल्या असतात, कुठला तरी पंप वाजत असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच सांगायचं राहून जातं. औषध एका दिवसात चढतं. केमो मात्र पुढच्या डोसपर्यंत चालूच असते, घरी, आपल्या कॉटवर. त्या दिवसांत काय घडत असतं हे समजलं की अर्धी भीती कमी होते आणि बरेच धोके टळतात. म्हणून आज निवांत लिहिते आहे.

आधी औषध काय करतं ते बघू. कॅन्सरची पेशी म्हणजे थांबायचं विसरलेली पेशी. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशी ती वाढत राहते. केमोची बहुतेक औषधं या वाढण्यावरच घाव घालतात. कुठलं औषध पेशीची जनुकं तोडतं, कुठलं त्यांची नक्कल होऊ देत नाही, कुठलं पेशी दुभंगताना लागणारे धागे जखडून टाकतं. अडचण अशी, की भराभर वाढणाऱ्या पेशी आपल्या निरोगी शरीरातही आहेत. केसांच्या मुळाशी आहेत, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात आहेत, आणि हाडांच्या आतल्या मगजात, जिथे रक्त तयार होतं, तिथे तर रात्रंदिवस काम चालू असतं. औषधाला आपलं-परकं पूर्ण कळत नाही. केस जाणं, तोंड येणं, जुलाब, रक्तातल्या पेशी कमी होणं, हे सगळं तिथूनच येतं.

मग औषध द्यायचं तरी कसं? उत्तर आहे अंतर ठेवण्यात. निरोगी पेशींना स्वतःची डागडुजी येते, कॅन्सरच्या पेशीला ती तितकीशी जमत नाही. एक डोस द्यायचा, दोघांनाही मार बसू द्यायचा, निरोगी पेशी सावरल्या की लगेच, कॅन्सर सावरायच्या आत, पुढचा डोस. हे अंतर बऱ्याच औषधांना २१ दिवसांचं असतं, काहींना १४ दिवसांचं, काही दर आठवड्याला देतात. डोस आणि त्यानंतरचे दिवस मिळून एक सायकल. नातेवाईक "सहा केमो सांगितल्यात" म्हणतात तेव्हा त्या सहा सायकल असतात, आणि २१ दिवसांच्या हिशेबाने ते चार महिन्यांचं काम असतं.

"ताई, दोन केमोतच गाठ हाताला लागेनाशी झाली, मग बाकीच्या चार कशाला?" हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. एक सेंटीमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. त्यातल्या ९९ टक्के मेल्या तरी एक कोटी उरल्या. त्या हाताला लागत नाहीत, स्कॅनमध्येही दिसत नाहीत, पण असतात. प्रत्येक डोस उरलेल्यांतला एक हिस्सा मारतो. म्हणून गाठ गेली तरी ठरलेल्या सायकल पूर्ण करायच्या. आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. द्राक्षाच्या पानांवरचे डावणी रोगाचे डाग दिसेनासे झाले म्हणून फवारणी थांबवली तर पानाच्या मागे काय उरलेलं असतं, हे द्राक्षवाल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

केमो कधी द्यायची हेही सगळ्यांचं सारखं नसतं. कुणाला ऑपरेशनच्या आधी, गाठ लहान करण्यासाठी. कुणाला ऑपरेशननंतर, कुठे लपून राहिलेल्या पेशी असतील तर त्यांच्यासाठी. तोंडाच्या, घशाच्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा रेडिएशनच्या जोडीने देतात, कारण त्यामुळे रेडिएशनचा परिणाम वाढतो. आणि आजार खूप पसरलेला असेल तर तो आटोक्यात ठेवायला, दुखणं कमी करायला आणि चांगले दिवस वाढवायला. आपली केमो यांपैकी कशासाठी आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पेशंटला माहीत नाही, नातेवाइकांना अर्धवट माहीत आहे, अशा घरांत पुढे फार गैरसमज होतात, आणि ते बघताना मला वाईट वाटतं.

आता तो दिवस. आल्यावर आधी वजन, उंची, ताप, बीपी. "मागच्याच वेळी केलं होतं की वजन" असं म्हणून काही जण चपला न काढताच काट्यावर चढतात. काढा. डोस त्या काट्यावर ठरतो. बहुतेक केमो शरीराच्या पृष्ठभागावर मोजतात, म्हणजे आपली सगळी त्वचा पसरली तर किती चौरस मीटर भरेल यावर. त्याचं एक सोपं सूत्र आहे: उंची सेंटीमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, दोन्हींचा गुणाकार, त्याला ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. १५० सेंटीमीटर उंची आणि ५४ किलो वजन असलेल्या बाईचं उत्तर येतं बरोबर १.५ चौरस मीटर. स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम असेल तर तिला ९० मिलिग्रॅम लागेल. त्याच्या जोडीचं सायक्लोफॉस्फमाइड चौरस मीटरला ६०० असेल तर ९०० मिलिग्रॅम. बागेत एकरी प्रमाण असतं, तसं इथे चौरस मीटरचं. वजन बरंच घटलं तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. काही औषधं मात्र मूत्रपिंड किती काम करतंय त्यावर मोजतात, त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात.

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची बाटली मोठी आणि आपली लहान म्हणून मन खट्टू करून घेणारे लोक मी पाहिलेत. बाटली बहुतेक सलाईनची असते, औषध त्यात मिसळलेलं असतं. बाटलीच्या आकारावरून केमोची ताकद कळत नाही.

त्यानंतर रक्ताचा रिपोर्ट, जो आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी केलेला असतो. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात, जंतूंशी पहिल्यांदा भिडणाऱ्या. त्या साधारण १५०० च्या वर आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट एक लाखाच्या वर असतील तर पुढे जायचं, असा बऱ्याच औषधांचा दंडक आहे. लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट बघतात. लाल औषध सुरू करायच्या आधी हृदयाची टू-डी एको तपासणी असते, कारण ते हृदयाच्या स्नायूला थकवतं आणि आयुष्यभरात ते किती घ्यायचं याला मर्यादा आहे. ही मोजणी पेशंटच्या फाईलवर राहते. दुसऱ्या गावी उपचार झाले असतील तर ती जुनी फाईल आणा, अगदी १० वर्षांपूर्वीची असली तरी.

आणि मग कधी कधी ते वाक्य उच्चारावं लागतं: "आज केमो होणार नाही, पेशी कमी आहेत." माणूस सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेलं असतं. बरोबरच्या मुलाने कामावर सुट्टी टाकलेली असते. तोंड पडतं, कुणी रडतं. "आमचंच काहीतरी चुकलं, खाणं कमी पडलं" असं बायका म्हणतात. तुमचं काही चुकलेलं नसतं. मगज अजून सावरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर दुसरा डोस टाकणं जिवावर बेतू शकतं, म्हणून आठवडाभर थांबायचं. हे टाळायचं तर रिपोर्ट आदल्या दिवशी गावाजवळच करून फोनवर पाठवायची सोय विचारून घ्या. निदान फेरी तरी वाचते.

रिपोर्ट ठीक असले की डॉक्टर कागदावर सही करतात आणि तो औषध बनवायच्या खोलीत जातो. तिथे काचेच्या एका बंदिस्त कपाटात, जिथली हवा गाळून फिरवलेली असते, गाऊन, मास्क आणि दोन-दोन हातमोजे घालून औषध सलाईनमध्ये मिसळतात. ते बघून घाबरू नका. पेशंटला आजारासाठी मोजून एक डोस मिळतो, बनवणाऱ्याचा मात्र रोज दिवसभर संपर्क येतो. औषध खुर्चीपाशी आलं की दोन जण मिळून नाव, औषध, मात्रा आणि मार्ग मोठ्याने वाचतात. आम्ही तुमचं नाव पाचव्यांदा विचारलं तर रागावू नका. एकाच नावाच्या दोन मावशी एकाच दिवशी समोरासमोर बसलेल्या मी बघितल्या आहेत.

केमो देण्याच्या आधी अर्धा-पाऊण तास दुसरीच औषधं जातात. उलटी थांबवणारी, ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी. त्यांच्याबरोबर डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, आणि काही औषधांना ॲलर्जीची सुई. उलटी झाल्यावर थांबवायला जाण्यापेक्षा ती होऊच नये म्हणून ही तयारी असते, आणि गेल्या काही दशकांत केमो सुसह्य झाली त्यात हिचा मोठा वाटा आहे. ज्यांनी पूर्वी कुणाचे हाल बघितले त्यांच्या मनात तेच चित्र बसलेलं असतं. आज अनेक जण दुपारी डबा खाऊन, दोन तास झोप काढून घरी जातात. डेक्सामेथासोनमुळे त्या रात्री झोप उडते, चेहरा लालसर होतो आणि शुगर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर आधी सांगा. उलटीच्या औषधाने पोट साफ होत नाही. हे नुसतं माहीत असलं तरी माणूस घाबरत नाही.

शीर शोधणं हा आमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. द्राक्षाच्या घडांतले मणी विरळ करायच्या, म्हणजे विरळणीच्या, हंगामात कात्री धरून कडक झालेली बोटं, भेगा पडलेले तळवे, मनगटाला चिकटून बसलेला बांगड्यांचा चुडा. मी तो चुडा काढायला लावत नाही, कोपराकडे सरकवते आणि रुमालाने बांधते. हात कोमट पाण्याच्या पिशवीवर ठेवायचा, मूठ उघड-मीट करायची, मग शीर वर येते. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला शक्यतो सुई लावत नाहीत. ते तुम्हीही लक्षात ठेवा, बाहेर रक्त द्यायला गेलात तर सांगा. येताना आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. सुकलेल्या माणसाची शीर सापडत नाही.

लाल औषध नुसतं लटकवून आम्ही निघून जात नाही. मोठ्या सिरिंजमध्ये असतं, सलाईन जोरात चालू ठेवून हाताने हळूहळू ढकलायचं, १०-१५ मिनिटं. त्या वेळात मी खुर्चीशेजारी स्टुलावर बसलेली असते आणि माझी नजर सुईच्या टोकावर असते. हे औषध शिरेबाहेर मांसात उतरलं तर तिथली कातडी जळून व्रण पडतो. काही वर्षांपूर्वी एक आजी होत्या. दुसऱ्या जिल्ह्यात, एका छोट्या दवाखान्यात त्यांना पहिला डोस मिळाला होता. आग आग होत होती, पण "सिस्टर घाईत होती, तिला कशाला त्रास" म्हणून दात आवळून बसल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा हाताच्या पाठीवर रुपयापेक्षा मोठा काळा व्रण होता आणि तो भरायला कित्येक आठवडे गेले. म्हणून मी प्रत्येकाला सुई लावण्याआधीच सांगते: जळजळलं, टोचलं, फुगल्यासारखं वाटलं, तर ओरडा. मी जेवत असले तरी ओरडा. वेळेत थांबवलं, सुईतूनच औषध मागे ओढून घेतलं आणि लगेच इलाज केला तर बरंचसं नुकसान टळतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. हे सांगायचं राहिलं की रात्री हमखास फोन येतो.

शिरा वारंवार निकामी होत असतील किंवा बरेच महिने केमो चालणार असेल तर डॉक्टर पोर्ट सुचवतात. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, मोठ्या नाण्याएवढी डबी बसवतात, तिची नळी आत मोठ्या शिरेत सोडलेली असते. दर वेळी त्या डबीवरच खास सुई टोचायची. वरून नुसता उंचवटा दिसतो, अंघोळ करता येते, स्वयंपाक करता येतो. वापर नसतानाही ठरल्या मुदतीत ती धुऊन घ्यावी लागते. खर्च आहे, छोटं ऑपरेशन आहे, म्हणून लोक नको म्हणतात. माझं मत विचाराल तर, शिरा खराब असलेल्या माणसाने पोर्ट घ्यावा. पाच वेळा टोचून घेऊन रडवेली झालेली माणसं मी रोज बघते.

प्रत्येक औषधाची चाल वेगळी. पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांनी दिलं तर तीन तास, दर आठवड्याला दिलं तर साधारण तासभर. पहिल्या काही मिनिटांत छाती आवळली, पाठीत कळ आली, चेहरा गरम झाला तर लगेच सांगायचं. ती रिॲक्शन असते, औषध थांबवून ती आटोक्यात आणता येते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून त्याच्या आगेमागे सलाईनच्या बाटल्या चढतात आणि जवळजवळ सगळा दिवस जातो. आतड्याच्या कॅन्सरमध्ये एक औषध ४६ तास थेंबथेंब जावं लागतं. त्यासाठी बाटलीएवढा पंप कमरेला बांधून घरी सोडतात, आत फुग्यासारखी पिशवी असते, ती हळूहळू आकसत जाते. त्याच्या जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन असतं, आणि त्याचं थंडीशी वैर. गार पाणी प्यायलं तर घशात काटे टोचल्यासारखे होतात, थंड भांडं धरलं तर बोटांना झिणझिण्या येतात. हिवाळ्यात निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेव्हा अशा पेशंटला मी हातमोजे-पायमोजे घालूनच घराबाहेर पडायला सांगते. आणि पहाटे नळाला हात लावायचा नाही, भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

केमो नेहमी सलाईनमधूनच असते असंही नाही. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात देतात, मेंदूकडे पोहोचायला. मूत्राशयात नळीने सोडतात. कधी ऑपरेशनच्या वेळी पोटाच्या पोकळीत गरम करून फिरवतात. एक सुई अशी आहे, व्हिन्क्रिस्टीन, की ती फक्त शिरेतूनच द्यायची, चुकून कण्यात गेली तर जीव जातो, म्हणून तिच्या वेष्टनावर तशी सूचना असते. हे व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं. शेकडो किलो पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं. त्यावरून "सदाफुलीची पानं खाल्ली तर?" असं कुणी विचारलं की मी अगदी ठाम नाही म्हणते. पानांत किती काय आहे याचं माप नाही, त्यात दुसरे विषारी घटकही आहेत. आधीच पेशी कमी, लिव्हरवर ताण, आणि त्यात काढा. कुठलाही काढा, भस्म, चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, ते रागावतील या भीतीनेही नाही.

गोळ्यांबद्दलही बोलायला हवं. "गोळीची केमो म्हणजे हलकी ना?" असं लोक म्हणतात. नाही, गोळी हीसुद्धा पूर्ण केमो आहे. कॅपेसिटाबिन साधारणपणे १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची आणि मग सात दिवस पूर्ण बंद. ते सात दिवस विसरून सलग गोळ्या खाल्लेली माणसं दवाखान्यात पडून राहिली आहेत. कॅलेंडरवर खुणा करा. तळहात-तळपाय लाल होणं, सोलटणं हा तिचा ठरलेला त्रास. मातीत, पाण्यात, कात्रीने काम करणाऱ्या बाईला तो दुप्पट जाणवतो, आणि ती "कामाने होतंय" म्हणून अंगावर काढते. कळवा. मात्रा कमी करता येते, आणि ती कमी केली म्हणजे उपचार सोडला असं होत नाही.

संध्याकाळी सलाईन संपलं, शीर धुतली, कापूस लावला, पुढची तारीख फाईलवर लिहिली. आता घर.

बागायतदाराच्या घरात मी एकच गोष्ट सांगते. फळासाठी करतात त्या गोडी छाटणीपासून जसे दिवस मोजता, तसे केमोपासून मोजा. पहिले तीन-चार दिवस मळमळ, तोंडाची चव जाणं, अंग मोडून येणं. ते दिसतं, म्हणून घरचे तेव्हा जवळ असतात. मग पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस जरा बरं दिसायला लागतं, उठून बसतं, जेवण मागतं, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. आत मात्र उलटं चाललेलं असतं. रक्तातल्या जुन्या पांढऱ्या पेशी संपत येतात, मगजाने नव्या अजून पाठवलेल्या नसतात. २१ दिवसांच्या सायकलमध्ये साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात खाली जातात. हा आपला फुलोरा. फुलोऱ्यात पाऊस आला तर बाप रात्र रात्र जागायचा, तसं या आठवड्यात जागं राहायचं.

घरात थर्मामीटर हवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर त्याच वेळी दवाखाना. रात्रीचे दोन असले तरी, मुलीचं लग्न असलं तरी. सकाळची वाट बघायची नाही. आणि फोन करायच्या आधी तापाची गोळी घ्यायची नाही. एक काका होते, पेठकडचे. नवव्या दिवशी ताप आला, मुलाने गोळी दिली, उतरला. पुन्हा आला, पुन्हा गोळी. तिसऱ्या दिवशी आणलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. आयसीयूत नऊ दिवस काढून काका वाचले, पण मुलगा अजून भेटला की मान खाली घालतो. त्याची चूक नव्हती. गोळीने ताप उतरतो, रक्तात शिरलेले जंतू तसेच राहतात, हे त्याला आमच्यापैकी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. अशा वेळी लागतं ते शिरेतून अँटिबायोटिक, आणि तेही पोहोचल्यापासून तासाभरात.

लांबच्या गावांत अजून एक होतं. जवळच्या डॉक्टरांकडे जातात आणि ते कमरेत सुई देतात. प्लेटलेट कमी असताना स्नायूत सुई दिली तर आत रक्त साकळू शकतं. पहिल्या केमोनंतर लगेच, काही त्रास नसतानाच, गावातल्या डॉक्टरांना फाईल दाखवून ठेवा. "ताप आला तर आधी रक्त तपासा, सुई कमरेत नको, आमच्या दवाखान्याला फोन करा" एवढं त्यांना माहीत असलं की निम्मं काम झालं.

काहींना पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं लिहून देतात. ती केमो झाल्यावर निदान २४ तास सोडून, पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली घ्यायची. फ्रीजमध्ये ठेवायची, पण गोठू द्यायची नाहीत. एसटीने कळवणला नेताना थर्मासमध्ये बर्फ घ्या आणि इंजेक्शन टॉवेलात गुंडाळून ठेवा, बर्फाला टेकता कामा नये. ती घेतल्यावर कंबर, मांड्या ठणकतात. मगज कामाला लागल्याची ती खूण असते.

खाण्याबद्दल लोक कमालीचे गोंधळलेले असतात, कारण प्रत्येक पाहुणा नवीन पथ्य सांगून जातो. साधं आहे. घरचं, ताजं, गरम. मऊ खिचडी, पेज, नाचणीचं सत्त्व, वरण, अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं. पाणी उकळून गार केलेलं. त्या आठवड्यात बाहेरची मिसळ नको, उघड्यावरचा रस नको. तोंड आलं असेल तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा खळखळून चुळा. फळं बंद करायची गरज नाही, स्वच्छ धुऊन, शक्यतो सोलता येणारी खा. द्राक्षांच्या गावात राहून द्राक्ष खायचं नाही म्हटलं की लोकांना रडू येतं. पेशी चांगल्या असतील तेव्हा वाहत्या पाण्यात नीट धुऊन खा, पेशी कमी असतील तेव्हा थांबा. रामकुंडाचं तीर्थ कुणी श्रद्धेने आणून दिलं तर डोळ्यांना लावा, प्यायचं मात्र नाही. सप्तशृंगी गडावरची गर्दी, सप्ताह, लग्नाचा हॉल हे तिसऱ्या आठवड्यासाठी ठेवा.

केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. सगळ्याच औषधांनी जात नाहीत, पण लाल औषधाने आणि पॅक्लिटॅक्सेलने बहुतेक जातात. उशीवर पुंजके दिसण्याचा तो एक दिवस फार जड जातो. ज्या बायका आधीच केस बारीक करून घेतात त्यांना तो जरा हलका जातो असं मी पाहिलंय. उपचार संपल्यावर ते परत येतात, कधी आधीपेक्षा कुरळे.

आणि एक कळकळीने सांगते. केमो घेतलेल्या माणसाला घरात वेगळं टाकू नका. कॅन्सर शिवून लागत नाही, केमोही शिवून लागत नाही. पहिले दोन दिवस औषधाचा अंश लघवी, संडास, उलटीत असतो, म्हणून ते साफ करताना हातमोजे घाला, झाकण लावून दोनदा पाणी सोडा, भरलेले कपडे वेगळे धुवा. घरात गरोदर बाई असेल तर तिने हे काम करू नये. बस, एवढंच. वेगळं ताट नको, वेगळी खोली नको. नातवाला जवळ घेऊ का, असं एका आजीने मला विचारलं होतं. आठ दिवस तिने त्या पोराला हात लावला नव्हता, ते दाराशी उभं राहून रडायचं. नातवाला सर्दी-ताप नसेल तर घ्या, हात धुऊन घ्या, पण घ्या.

तरुण पेशंट असतील तर केमो सुरू व्हायच्या आधी मूल होण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. काही औषधांनी ती क्षमता जाऊ शकते. वीर्य किंवा स्त्रीबीज आधी गोठवून ठेवता येतं. लाजेपोटी हा विषय राहून जातो आणि नंतर उशीर झालेला असतो.

पैशाचं. एके काळी नाशिकची माणसं फाईल घेऊन पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायची. अजूनही काही जातात, आणि उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे. पण बहुतेक केमो आता नाशिकमध्येच होते. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात होते, शहरातल्या खासगी कॅन्सर रुग्णालयांतही होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कुटुंबाला वर्षाची मर्यादा पूर्वी दीड लाख होती, ती पाच लाख झाली. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा मूळ रिपोर्ट घेऊन आधी त्यांच्याकडे जा, मग तारीख घ्या. मंजुरीत दिवस जातात, आणि केमोच्या वेळापत्रकात दिवसांना किंमत आहे. खिशातून पैसे भरून मग योजनेकडे वळणारी कुटुंबं बघितली की जीव हळहळतो.

परवा रात्री साडेदहाला वॉर्डाचा फोन वाजला. दिंडोरीकडच्या एक मावशी, दुसरी केमो झालेली.

"ताई, आज दहावा दिवस. ताप ९९.२ आहे. गोळी घेतली नाही."

"थंडी वाजतेय? खोकला, जुलाब?"

"काही नाही. नुसतं जड वाटतंय."

"तासाने परत बघा. गाडी सांगून ठेवा."

साडेअकराला पुन्हा फोन. ९८.८. "मग झोपू का?"

"झोपा. पहाटे एकदा बघा."